बहुमाध्यम प्रोग्रॅमिंगची लायब्ररी आणि आपल्या लिपी : ‘एसडीएल’च्या मांडणीचा इतिहास

संगणकाविषयी उर्दूत आणि मराठीत होणारे लेखन बहुतांशी यंत्रांविषयी किंवा कंपन्यांविषयी असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काय तयार मिळते आणि काय स्वतः जोडावे लागते, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. मुस्लिम संस्थांच्या नियतकालिकांत तर हा विषय निघाला की तो अल्-ख्वारिज्मीच्या नावापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. नवव्या शतकातील बगदादचा अभिमान रास्त आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘किताब’ हा चार हर्फांचा शब्द संगणकाच्या खिडकीत नीट का उमटत नव्हता, या प्रश्नाचे उत्तर त्या अभिमानातून मिळत नाही. ते मिळवायचे तर ‘सिंपल डायरेक्टमीडिया लेयर’ म्हणजेच एसडीएल या लायब्ररीचा आणि ती संगणकात बसवण्याच्या खटाटोपाचा इतिहास पाहावा लागतो.

प्रथम शब्दाविषयी. प्रोग्रॅमिंगमधील ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे आणि कुतुबखानाही नव्हे. पडद्यावर चित्र काढणे, ध्वनी वाजवणे, कोणती कळ दाबली गेली हे ओळखणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा करावी लागतात. ती एकदा लिहून, तपासून, इतरांना वापरता येतील अशा स्वरूपात ठेवलेली असतात. त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. त्या अर्थाने ‘कोठार’ हा मराठी शब्द अधिक जवळचा आहे, पण तो रूढ झाला नाही. ज्या कोठारात चित्र, ध्वनी आणि हालचाल या तिन्हींची सामग्री असते ते बहुमाध्यम कोठार. आणि ‘मांडणी’ म्हणजे हे कोठार आपल्या कंपायलरला सापडेल व लिंकरला जोडता येईल अशा रीतीने संगणकावर बसवणे. काम यांत्रिक वाटते. परंतु शिकणाऱ्यांपैकी कित्येक जण पहिल्याच आठवड्यात ज्या पायरीवर थांबतात ती पायरी हीच.

टर्बो सीचा वारसा

भारतातील बहुसंख्य महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंगचा पहिला परिचय बोरलँड कंपनीच्या टर्बो सी आणि टर्बो सी++ यांतून झाला. टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये बाजारात आले. निळ्या पडद्याच्या या परिसरात चित्र काढण्यासाठी ‘बीजीआय’, म्हणजे बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस, नावाची लायब्ररी होती. तिची मांडणी सोपी, पण हटवादी होती. चालकफाइल ज्या निर्देशिकेत असेल तिचा पत्ता प्रोग्रॅममध्ये अचूक लिहावा लागे आणि लिंकरच्या पर्यायांत ‘ग्राफिक्स लायब्ररी’ या ओळीवर खूण करावी लागे. यांपैकी एक जरी चुकले तरी ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ हा संदेश येई. त्या पिढीतील विद्यार्थ्यांना तो पाठ होता.

बीजीआयमध्ये व्हीजीए पडद्यावर ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग मिळत. वर्तुळे, रेषा, थोडेफार हलते चित्र, एवढा अभ्यासक्रमाचा आवाका होता आणि त्यासाठी हे पुरेसे होते. अक्षरे रोमन लिपीचीच. एका अक्षराला एक बाइट आणि एका संकेताला एक आकृती हे गणित त्या काळच्या बहुतेक साधनांत गृहीत होते. त्याविषयी तक्रार करावी असे कोणाला वाटलेही नसेल, कारण प्रोग्रॅमिंग इंग्रजीतच असते ही समजूत शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचीही होती.

डॉसचा काळ संपला तरी टर्बो सी++ वर्गातून गेले नाही. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम चालेनात, तेव्हा ते ‘डॉसबॉक्स’ या अनुकारक प्रोग्रॅमच्या पोटात चालवले जाऊ लागले. डॉसबॉक्स २००२ पासून उपलब्ध आहे आणि तो स्वतः एसडीएलवर उभारलेला आहे. म्हणजे ज्या प्रयोगशाळांत एसडीएलचे नाव कधी घेतले गेले नाही, तेथेही जुन्या टर्बो सीचा निळा पडदा एसडीएलच्याच आधाराने उजळत होता. साधनांच्या इतिहासात असे बरेचदा घडते.

एसडीएलचा उगम

मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आणले. त्यामुळे विंडोज ९५ वर चित्र आणि ध्वनी यांवर प्रोग्रॅमरला थेट ताबा मिळाला. पण ते विंडोजपुरतेच होते. लिनक्सवर निराळी पद्धत, मॅकिंटॉशवर निराळी. एकच खेळ तिन्ही ठिकाणी न्यायचा तर चित्र-ध्वनीचा भाग तीनदा लिहावा लागे. सॅम लँटिंगा या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९८ मध्ये यावर उपाय म्हणून एक पातळ थर लिहिला. प्रोग्रॅमरने त्या थराशी बोलावे आणि थराने त्या त्या यंत्रणेशी तिच्या भाषेत बोलावे, एवढीच कल्पना. नावातील ‘लेयर’ हा शब्द यथार्थ आहे.

लँटिंगा पुढे लोकी सॉफ्टवेअर या कंपनीत गेले. विंडोजवरील खेळ लिनक्सवर आणणे हा तिचा व्यवसाय होता आणि ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ या खेळाची तिने आणलेली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली. व्यवसाय चालला नाही. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. लायब्ररी मात्र उरली. ती एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कंपनीच्या दिवाळखोरीबरोबर बुडण्याचे तिला कारण नव्हते. विक्रीच्या मालापेक्षा तो तयार करताना उपयोगी पडलेले अवजार दीर्घायुषी ठरले.

२००१ मध्ये आलेली १.२ ही आवृत्ती पुढे बारा वर्षे प्रमाण मानली गेली. तिच्यात चित्र, ध्वनी, कळफलक-माऊस, जॉयस्टिक, काळमापन इतकेच नव्हे तर सीडी वाजवण्याचीही सोय होती. मूळ लायब्ररी मुद्दाम लहान ठेवली होती. तिला फक्त बीएमपी प्रकारचे चित्र उघडता येई. जेपीईजी व पीएनजीसाठी एसडीएल-इमेज, अनेक ध्वनी एकत्र करण्यासाठी एसडीएल-मिक्सर आणि अक्षरांसाठी एसडीएल-टीटीएफ अशी उपकोठारे स्वतंत्रपणे आणावी लागत. यांतील शेवटचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

मांडणीचा खटाटोप

२००० च्या दशकात विद्यार्थ्याला फुकट मिळणारा आणि बऱ्यापैकी सोपा विकसन-परिसर म्हणजे ब्लडशेड या नावाने कॉलिन लाप्लास यांनी केलेला डेव्ह-सी++. त्याची ४.९.९.२ ही आवृत्ती २००५ ची. तीत मिनजीडब्ल्यू हा मुक्त कंपायलर अंतर्भूत होता. यात एसडीएल बसवायची म्हणजे चार गोष्टी कराव्या लागत. हेडर फाइली ‘इन्क्लूड’ निर्देशिकेत ठेवायच्या, म्हणजे कंपायलरला आज्ञांची नावे समजतात. लायब्ररी फाइली ‘लिब’ निर्देशिकेत ठेवायच्या, म्हणजे लिंकरला त्या आज्ञांचा देह सापडतो. प्रकल्पाच्या पर्यायांत लिंकरसमोर मिनजीडब्ल्यू-३२, एसडीएल-मेन आणि एसडीएल ही तीन नावे लिहायची. आणि शेवटी एसडीएलची डीएलएल फाइल तयार प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवायची.

तीन नावांचा क्रम बदलून चालत नसे. हा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. एखाद्या नावाची गरज त्याला आधी कळावी लागते आणि पुरवठा करणारी लायब्ररी नंतर भेटावी लागते. उलट झाले तर तो मागे वळून पाहत नाही. नावे बरोबर, फाइली जागच्या जागी, आणि तरीही प्रोग्रॅम जोडला जात नाही, यामागे पुष्कळदा एवढेच कारण असे.

त्याहून कुप्रसिद्ध चूक ‘विनमेन’ची. सी भाषेतील प्रत्येक प्रोग्रॅम ‘मेन’ या कार्यापासून सुरू होतो, हे पहिल्या धड्यात शिकवले जाते. पण विंडोजवरील खिडकीचा प्रोग्रॅम ‘विनमेन’पासून सुरू होतो. हा भेद प्रोग्रॅमरपासून लपवण्यासाठी एसडीएलने युक्ती केली होती. तिची हेडर फाइल विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘मेन’चे नाव गुपचूप ‘एसडीएल-मेन’ असे बदलते आणि एसडीएल-मेन याच नावाची छोटी लायब्ररी खरा ‘विनमेन’ पुरवून त्यातून या बदललेल्या कार्याला हाक मारते. ती लायब्ररी जोडायची राहिली की लिंकर ‘विनमेन सापडत नाही’ असे म्हणे. ज्या विद्यार्थ्याने आयुष्यात तो शब्द लिहिलाच नव्हता त्याने काय समजावे? सोय करण्यासाठी लपवलेली गोष्ट बिघाडाच्या वेळी सर्वांत अनाकलनीय होऊन समोर येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

व्हिज्युअल सी++ मध्येही पायऱ्या साधारण याच होत्या; शिवाय कोणत्या प्रकारची रनटाइम लायब्ररी वापरायची तो पर्याय जुळवावा लागे. लिनक्सवर काम तुलनेने सरळ. वितरकाच्या भांडारातून एक पॅकेज घ्यायचे आणि ‘एसडीएल-कॉन्फिग’ ही आज्ञा आवश्यक त्या वाटा स्वतःच सांगे. डीएलएल वेगळी ठेवण्यामागे परवान्याचाही भाग होता. वापरणाऱ्याला लायब्ररीची नवी प्रत बदलून घालता आली पाहिजे अशी एलजीपीएलची अट आहे आणि सुटी डीएलएल ती सहज पूर्ण करते.

एवढे सारे झाले की काळी खिडकी उघडे. बहुतेक मार्गदर्शिकांत या क्षणी ‘मांडणी पूर्ण’ असे लिहिलेले असे.

कोणासाठी पूर्ण?

त्या खिडकीत ‘हॅलो’ लिहिणाऱ्यासाठी ती पूर्ण होती. एसडीएल-टीटीएफ जोडायची, फॉन्टची फाइल उघडायची, अक्षरांचे चित्र करून घ्यायचे आणि ते खिडकीवर चिकटवायचे. फॉन्टमधील आकृती ठिपक्यांत उतरवण्याचे काम ही लायब्ररी फ्रीटाइप या १९९६ मध्ये सुरू झालेल्या मुक्त प्रकल्पाकडून करून घेते. अक्षरे देण्याच्या तीन वाटा होत्या : साधी लॅटिन, यूटीएफ-८ आणि १६ बिटी युनिकोड. म्हणजे उर्दू आणि मराठीचे संकेत तिला समजत होते. कागदोपत्री आपल्या लिपींना दार उघडे होते.

प्रत्यक्षात ‘किताब’ लिहिला तर काय दिसे? काफ, ते, अलिफ, बे हे चार हर्फ एकमेकांपासून सुटे आणि तेही डावीकडून उजवीकडे. उर्दू वाचणारा उजवीकडून सुरुवात करणार, त्याला पहिला ‘बे’ भेटणार. अरबी-फारसी परंपरेच्या लिपीत बहुतेक हर्फांना चार रूपे असतात : सुटे, आरंभीचे, मधले आणि अखेरचे. ‘किताब’मध्ये काफ आरंभीचा, ते मधला, अलिफ अखेरचा हवा. अलिफ पुढच्या हर्फाला हात देत नाही म्हणून बे तेवढा सुटाच राहतो. युनिकोडमध्ये साठवला जातो तो हर्फ. त्याचे रूप शेजाऱ्यांवरून ठरवायचे असते. ते ठरवणारे कोणीच एसडीएल-टीटीएफमध्ये नव्हते. ती एक संकेत घेई, त्याची एक आकृती काढी आणि उजवीकडे सरके.

मराठीची अडचण वेगळ्या रूपाची, पण मूळ तेच. ‘मराठी’ हा शब्द बरोबर उमटे, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि काना व दुसरी वेलांटी अक्षरानंतरच येतात. त्यामुळे घाईने तपासणाऱ्याला सारे ठीक वाटे. ‘शिक्षण’ लिहिले की खरे कळे. पहिली वेलांटी साठवताना ‘श’च्या नंतर असते आणि दाखवताना त्याच्या आधी यावी लागते. आधी न आल्यामुळे ती पुढच्या ‘क’ला लागल्यासारखी दिसे, आणि ‘क्ष’चे दोन तुकडे पायमोडक्या ‘क’सह शेजारी उभे राहत. ‘उर्दू’ या शब्दातला रफार ‘द’च्या डोक्यावर न चढता पाय मोडून अलीकडेच बसे.

गंमत अशी की त्याच संगणकावर, त्याच वेळी, नोटपॅडमध्ये हेच शब्द नीट दिसत. विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ हे अक्षरजोडणीचे यंत्र आले होते. त्याबरोबर आलेला देवनागरीचा ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या आरेखनाचा. विंडोज एक्सपीत उर्दूसाठी नियंत्रण-पटलात जाऊन उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवाव्या लागत. पण त्या बसवल्या की काम होई. मग एसडीएलच्या खिडकीतच का नाही? कारण एसडीएलची खिडकी ही कोरी पाटी आहे. सर्व यंत्रणांवर सारखे वागता यावे म्हणून ती यंत्रणेच्या अक्षरव्यवस्थेकडे पाहतच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः भरते. तिचे स्वातंत्र्य हेच तिचे बळ, आणि आपल्या लिपींना त्या स्वातंत्र्याची किंमत द्यावी लागली.

यात द्वेष शोधण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्याच्या भाषेला ज्याची गरज भासली नाही ते त्याने लिहिले नाही. उर्दू जगतातही त्या काळी लक्ष दुसरीकडे होते. संगणक आपल्याकडे आला तो कातिबाची जागा घेण्यासाठी. मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनावर आधारलेला नूरी नस्तालीक १९८१ मध्ये मोनोटाइपच्या यंत्रावर उतरला. जोडाक्षर-समूहांचे हजारो साचे त्यासाठी हाताने लिहिले गेले. १९९० च्या दशकात दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचे इनपेज आले आणि उर्दू मुद्रण पालटले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या संगणक केंद्रांतही बहुभाषिक पानजुळणी हा अभ्यासाचा मुख्य भाग होता. हे कार्य मोठे आहे आणि त्याने अनेक घरांत चूल पेटली. परंतु पान जुळवणारे हात तयार झाले, तितके प्रोग्रॅम लिहिणारे झाले नाहीत. इनपेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची संकेतपद्धती स्वतःची, युनिकोडहून वेगळी असल्यामुळे त्यात लिहिलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमला थेट वाचताही येत नसे.

तोडगे

मुलांसाठी उर्दू कायदा किंवा मराठी अंकलिपीचा खेळ करू पाहणाऱ्यापुढे तेव्हा दोन-तीन वाटा होत्या. सर्वांत सोपी म्हणजे अक्षरांचे चित्रच करणे. इनपेजमध्ये शब्द लिहायचा, चित्र म्हणून साठवायचा आणि एसडीएलमध्ये उघडायचा. नस्तालीकचा डौल पूर्ण मिळे. पण एक नुक्ता चुकला तर चित्र नव्याने करावे लागे आणि मुलाने टंकलेला शब्द दाखवणे अशक्यच होते.

दुसरी वाट अधिक चतुर होती. युनिकोडमध्ये जुन्या पद्धतींशी सुसंगती राखण्यासाठी अरबी हर्फांच्या चारही रूपांना स्वतंत्र संकेत दिलेले आहेत. टे, डाल, ड़े, बडी ये या खास उर्दू हर्फांची रूपेही त्यांत आहेत. प्रोग्रॅमरने स्वतः कोष्टक करून प्रत्येक हर्फाचे योग्य रूप निवडायचे, सारा शब्द उलटा करायचा आणि लायब्ररीला द्यायचा. ती निमूटपणे डावीकडून उजवीकडे काढी आणि वाचणाऱ्याला तो सरळ दिसे. नस्ख वळणापुरते हे जमे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे उंच सुरू होऊन डावीकडे खाली उतरत जातो. प्रत्येक हर्फाची उंची पुढील हर्फांवर अवलंबून असते, तेथे कोष्टक हात टेकते. आणि देवनागरीच्या अर्ध्या अक्षरांना, रफाराला असे स्वतंत्र संकेत युनिकोडने दिलेलेच नाहीत. म्हणून हा तोडगा मराठीच्या कामाचा नव्हता. या एका बाबतीत उर्दूची स्थिती मराठीपेक्षा बरी होती, हे थोडे अनपेक्षित वाटेल.

तिसरी वाट एसडीएल-पँगो. पँगो हा जगातील सर्व लिपींच्या जुळणीसाठी १९९९ च्या सुमारास ओवेन टेलर व राफ लेव्हियन यांनी सुरू केलेला प्रकल्प. नावातील ‘पॅन’ ग्रीक, अर्थ ‘सर्व’, आणि ‘गो’ जपानी, अर्थ ‘भाषा’. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, मुलांनी चित्रे काढण्याचा टक्स पेंट हा प्रोग्रॅम एसडीएलवरच आहे. त्याने पुढे हाच मार्ग घेतला आणि आज त्याच्या भाषांच्या यादीत मराठी, उर्दू, कोकणी या सर्व आहेत. कोकणी तर देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत. एसडीएलवर आपल्या लिपी चालू शकतात याचा पुरावा त्यामुळे बराच आधी मिळाला होता. परंतु विंडोजवर पँगो आणायचे म्हणजे तिच्यामागून जी-लिब, फॉन्टकॉन्फिग अशा अनेक डीएलएल आणाव्या लागत. ज्याला तीन नावांच्या क्रमाने घाम फोडला होता त्या विद्यार्थ्याने हे कसे करावे?

हार्फबझ

कोंडी फुटली ती हार्फबझ या लायब्ररीमुळे. नाव इंग्रजी धाटणीचे वाटते, पण ते फारसी आहे : ‘हर्फ-बाज’, खुला हर्फ. ओपनटाइप या फॉन्टपद्धतीच्या नावाचे हे फारसी रूपांतर, आणि ते करणारे बेहदाद इस्फहबोद हे इराणमध्ये वाढलेले संगणकशास्त्रज्ञ. उर्दूच्या कानाला हे नाव परके नाही. फ्रीटाइपमधील जुन्या संहितेपासून निघालेला हा प्रकल्प त्यांनी नव्याने लिहून काढला. भारतीय लिपींचा भाग २०१२ च्या आसपास आकाराला आला तेव्हा विकिपीडियातील शब्द घेऊन हार्फबझची जुळणी युनिस्क्राइबच्या जुळणीशी ताडून पाहण्यात आली. एकेका शब्दाचे असे परीक्षण हे खरे तर भाषाशास्त्रज्ञाचे काम. ते प्रोग्रॅमरनी केले. १.० ही आवृत्ती २०१५ ची. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सर्वांत हार्फबझ आहे. भ्रमणध्वनीवर मराठी संदेश वाचणारे कोट्यवधी लोक ती नकळत वापरतात.

दरम्यान एसडीएलही बदलत होती. लँटिंगा बराच काळ ब्लिझार्ड कंपनीत होते. २०१२ मध्ये ते व्हॉल्वमध्ये गेले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये एसडीएल २.० आली. परवाना अधिक मोकळा, झेडलिबचा झाला. टंकलेखनाची पद्धत बदलली : १.२ मध्ये कळ आणि अक्षर एकाच घटनेत गुंतलेले होते, २.० मध्ये ‘कळ दाबली’ आणि ‘मजकूर आला’ या वेगळ्या घटना झाल्या व मजकूर यूटीएफ-८ मध्ये मिळू लागला. उर्दू कळफलकावर लिहिणाऱ्यासाठी हा बदल महत्त्वाचा. मात्र लिहिलेला मजकूर दाखवणारी एसडीएल-टीटीएफ आणखी काही वर्षे जुन्याच चालीने आकृती काढत राहिली.

२०२२ मध्ये तिच्यात हार्फबझ आले. मजकुराची दिशा आणि लिपी सांगण्याच्या आज्ञा आल्या. उजवीकडून डावीकडे असे सांगितले, नस्तालीकचा युनिकोड फॉन्ट दिला (गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू २०१४ पासून मुक्त आहे) की ‘किताब’ जुळून, उतरत्या वळणाने उमटतो. ‘शिक्षण’ची वेलांटी आपल्या जागी जाते. १९९८ पासून मोजले तर या जागेपर्यंत यायला २४ वर्षे लागली.

मांडणीचा प्रश्न येथेही सुटला नाही, त्याने रूप बदलले. एसडीएल-टीटीएफ २ स्रोतसंहितेपासून सीमेकच्या साहाय्याने बांधताना हार्फबझ जोडणे हा ऐच्छिक पर्याय आहे आणि तो मुळात बंद असतो. बांधणाऱ्याने तो मुद्दाम चालू केला नाही तर लायब्ररी तयार होते, खिडकी उघडते, इंग्रजी अक्षरे सुरेख दिसतात. फक्त उर्दू तुटते. कोणतीही चूक कळवली जात नाही, निदान लिंकर तरी काही बोलत नाही. जुन्या ‘विनमेन’च्या संदेशाने विद्यार्थ्याला गोंधळवले तरी काहीतरी बिघडले आहे एवढे तो सांगत होता. येथे ती पाटी फक्त लिपी जाणणाऱ्यालाच वाचता येते. म्हणून उर्दू-मराठी शाळांसाठी काम करणाऱ्याने मांडणीची चाचणी ‘हॅलो’ने करू नये. ‘किताब’ आणि ‘शिक्षण’ हे दोन शब्द त्यासाठी पुरतात. ‘मराठी’ पुरत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एसडीएल ३ ची पहिली स्थिर आवृत्ती, ३.२.०, प्रसिद्ध झाली. तीत एसडीएल-मेन ही वेगळी लायब्ररी उरलेली नाही. ते काम हेडर फाइलच करते. व्हीसीपीकेजीसारख्या पॅकेज-व्यवस्थापकांमुळे फाइली हाताने इकडून तिकडे नेण्याचेही कारण राहिले नाही.

एक काम अजून प्रोग्रॅमरकडेच आहे. एसडीएल-टीटीएफ २ ला सांगायची दिशा दिलेल्या सबंध मजकुराला लागू होते. उर्दू वाक्यात ‘१९४७’ सारखा आकडा किंवा एखादा इंग्रजी शब्द आला की तेवढा भाग डावीकडून उजवीकडे जायला हवा. हे तुकडे पाडण्याचे नियम युनिकोडने ठरवून दिले आहेत आणि ते अमलात आणणारी फ्रीबिडी नावाची छोटी लायब्ररी उपलब्ध आहे. ती डोव्ह ग्रोबगेल्ड या इस्रायली प्रोग्रॅमरने हिब्रूच्या गरजेतून सुरू केली आणि पुढे तिची निगा इस्फहबोद यांनी घेतली. तिने मजकूर आधी तोडून घ्यायचा, प्रत्येक तुकडा त्याची दिशा सांगून एसडीएल-टीटीएफकडे द्यायचा आणि मिळालेली चित्रे उजव्या कडेपासून एकापुढे एक लावायची. तेव्हा कोठे ‘१९४७’ उर्दू ओळीत ‘१९४७’ असाच दिसतो, ‘७४९१’ असा नव्हे.